पासष्ट इंचांची चेन

माझे दाजी शिंपी आहेत. शिवतात ते, पण कापते माझी ताई. अठ्ठावीस वर्षं त्यांचं दुकान असंच चाललंय. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप ताई ठेवणार, खडूची रेघ ताई मारणार आणि तिनं कापलेल्या तुकड्यांचा सदरा दाजी उभा करणार. "बाही अर्धा इंच वाढवा," असं ती म्हणाली की दाजी मान वर न करता वाढवतात. दुकानात त्यांनी तिचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. घरच्या अंगणात मात्र तिला विचारतो कोण!

कारण अंगणात पत्र्याखाली उंटीण उभी असते. उंटीण म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीची, दगडधोंड्यांतून पळवायची मोटरसायकल. सीट माझ्या कमरेच्याही वर, टायरला बोटबोट उंचीच्या गाठी आणि आवाज असा, की शेजाऱ्यांनी बोलणं टाकावं. टाकलंही आहे एकदोघांनी. दाजींनी ती लग्नाआधी घेतली, म्हणजे घरात ती ताईपेक्षा जुनी. दर रविवारी सकाळी ते तिला घेऊन बंद पडलेल्या खाणीच्या चढणीवर जातात. मी बरीच वर्षं या प्रकाराला नाक मुरडलं. मग एकदा मुद्दाम बघायला गेले. सहा दिवस मशीनवर वाकून कमान झालेला माणूस त्या गाडीवर पाय रोवून उभा राहिला आणि चक्क सरळ झाला. मला आधी वाटलं, दुसराच कुणीतरी उंच माणूस आहे. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूची.

गेल्या वर्षी त्याच चढणीवर चेन तुटली. ती मागच्या चाकात अडकली, चाक जागच्या जागी थांबलं आणि दाजी पुढे फेकले गेले. उजवं मनगट मोडलं. शिंप्याचं उजवं मनगट! तीन महिने ताईनंच कापलं आणि ताईनंच शिवलं. ती त्यांना एका शब्दानं बोलली नाही. तेव्हाच मी ओळखलं की हे प्रकरण साधं नाही. गाडी तेव्हापासून चेनविना उभीच होती. यंदा तिनं तिला गिऱ्हाईक शोधलं. सोमवारी येऊन घेऊन जातो म्हणाला.

दाजी भांडले असते तर बरं झालं असतं. ते गप्पच झाले. ताट समोर यायचं आणि तसंच आत जायचं. शेवटी मीच मध्ये पडले. म्हटलं, "ताई, त्यांना नवी चेन बसवू दे. रविवारी चढण चढून दाखवतील. चेन टिकली तर गाडी राहील, नाहीतर सोमवारी जाईल. मग कुणी हूं की चूं करायचं नाही."

"ठीक आहे," ताई म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

दाजी जुनी चेन पिशवीत घालून पार्टवाल्याकडे गेले. तो बिचारा म्हणाला होता, "अख्खी घेऊन जा, गाडीवर लावून बघा आणि मग तोडा." पण दाजींना घाई. जुनीच्या कड्या मोजल्या, एकशे दोन भरल्या, आणि नवीही तिथंच एकशे दोनवर तोडून आणली.

शनिवारी दुपारी त्यांनी गाडीच्या पोटाखाली खोकं सरकवून चाक अधांतरी केलं आणि चेन चढवली. चेन जेमतेम पुरली. चाक पार पुढे ओढून घ्यावं लागलं. पण बसल्यावर दिसत होती मात्र झकास.

"बघ," ते मला म्हणाले, "एक सुरकुती नाही!"

ताई चहा घेऊन आली होती. तिनं चेनकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि आत निघून गेली. मी तिची धाकटी बहीण आहे. ताईला माप चुकलेलं दिसलं की तिची हनुवटी कशी होते ते मला ठाऊक आहे, आणि आत्ता ती तशीच झाली होती. ती काही बोलली नसती तरी चाललं असतं. उलट तिच्या मनासारखंच झालं असतं. चेन दगा देणार आणि गाडी जाणार. आतून भांडी आपटल्याचे आवाज येत राहिले. मग ती पदर खोचून बाहेर आली.

"खोकं काढा. गाडी खाली घ्या आणि बसा तिच्यावर."

"अगं, आत्ता कशाला?"

"बसा म्हणते ना!"

दाजी बसले. गाडी त्यांच्या वजनानं खाली दबली आणि चेन तारेसारखी ताठ झाली. ताईनं माझं बोट धरून चेनवर ठेवलं. मी दाबलं, पण ती तसूभर हलली नाही.

"पँट शिवताना गिऱ्हाइकाला खाली बसवून बघतो ना आपण?" ताई म्हणाली. "उभ्यानं नीट दिसते आणि बसल्यावर उसवते. हे तर नुसतं बसणं. खड्ड्यात आदळल्यावर काय होईल? आणि माप कशावरून घेतलंत?"

"जुन्या चेनवरून."

"जुन्या कपड्यावरून माप घेऊन आपण आजवर कधी कापलंय?"

दाजींचा चेहरा खर्रकन उतरला. मग हळूहळू त्यांना आठवलं. जुनी चेन वापरून वापरून लांबली होती, तेव्हा त्यांनीच तिच्या दोन कड्या काढल्या होत्या. म्हणजे तिचा आकडा खोटा होता. आणि पुढे दर वेळी गाडी खोक्यावर ठेवून, अशीच ताठ ओढून घेतली होती.

"म्हणजे ती तुटली ती..." दाजींनी आपलं उजवं मनगट चाचपलं.

"हो," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "हात गेला असता तुमचा. वर्षभर मला त्या गाडीचा राग येतोय, आणि खरं तर तो तुमचा येतोय. दुकानात काजं कुठं घ्यायची तेही मला विचारता. ज्याच्यावर जीव टांगता ते मात्र एकटे ठरवता!"

दाजी गाडीवरून उतरले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "मग घे माप."

ताईनं टेप आणला. मागचं चाक पुढेमागे सरकतं त्या खाचेत ते मधोमध घेतलं, दाजींना बसवून ठेवलं आणि पुढच्या दातेरी चक्रावरून मागच्यावर टेप फिरवला. आमचा टेप साठ इंचांचा. तो संपला तिथं तिनं खडूची खूण केली आणि पुढे मोजलं. थोडा सैलपणा धरून पासष्ट इंच. मग इंजिनाच्या कडेला, चेन जाते तिथं, किती जागा आहे तेही पाहिलं. जेमतेम एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग.

दुकान बंद व्हायच्या आत तिघंही पार्टवाल्याकडे पोचलो. त्यानं रबरी रिंगांची जाडजूड चेन पुढे केली. दाजींचे डोळे चमकले. जाड दिसलं की त्यांना मजबूत वाटतं, कोटाच्या अस्तराचंही तसंच.

ताईनं त्या चेनच्या रुंदीवर टेप धरला. "ही घासेल. साधी दाखवा. एक कडी केवढी?"

"पाच सूत, वहिनी."

"पासष्ट इंचांत एकशे चार बसतील. पण तोडू नका. अख्खी द्या, आम्ही घरी तोडू."

पार्टवाला दाजींना म्हणाला, "इतकी वर्षं यांना का नाही आणलंत?"

रविवारी सकाळी आम्ही दोघी चढणीच्या पायथ्याशी उभ्या. दाजी वळणाआड गेले. आवाज वर वर चढत गेला, खड्ड्यांवर धडधडला, आणि माथ्याजवळ एकदम बंद पडला. आम्ही वाट पाहिली. काहीच नाही. ताईच्या हातातली छत्री गळून पडली आणि ती पळत सुटली. गुडघे दुखतात म्हणून दुकानाच्या दोन पायऱ्या कुरकुरत चढणारी माझी ताई खडीवरून चपला हातात घेऊन पळत होती. मागून मी देवाला नाही नाही ते बोलत होते.

दाजी माथ्यावर होते, धडधाकट. गाडी उभी करून ते तिच्या बाजूला उकिडवे बसले होते. चेन जागच्या जागी होती. ताईला पाहून ते गडबडीनं उठले.

"घाबरलीस का गं? चढलो की व्यवस्थित. पण मला ही जरा सैल वाटतेय. म्हटलं, तू आल्याशिवाय हात नको लावायला."

ताईला धाप लागली होती. ती खाली बसली आणि चेन अंगठ्यानं वरखाली करून पाहिली. मग पदरानं आधी डोळे पुसले आणि नंतर अंगठा.

"नवी आहे, थोडी सुटणारच," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी निघायच्या आधी आपण बघू."