बाटलीतलं तेल

आश्रुबाच्या हातून काही फेकलं जायचं नाही. दुष्काळानं सगळ्यांनाच तसं केलं होतं. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं म्हशीला. पण आश्रुबा दूध संस्थेच्या जीपवर ड्रायव्हर, त्यानं ही सवय थेट इंजिनापर्यंत नेली.

जीप म्हातारी. इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून तेलही यायचं आणि रस्ताभर ठिबकायचं. हैदर मिस्त्रीनं नळीच्या तोंडाला एक बाटली बांधून दिली. ती भरली की आश्रुबा गुपचूप परत इंजिनात ओतायचा आणि संस्थेत मिशीवर हात फिरवायचा, "तेलाचा खर्चच न्हाई आपल्या गाडीला!"

त्या दिवशी चारा छावणीतल्या म्हशींचं दूध घेऊन तो घाटनांदूरहून अंबाजोगाईला निघाला. सामान आणायचं म्हणून हैदर शेजारी बसलेला. मागच्या आठवड्यात दूध नासलं होतं, तेव्हा केंद्रावरच्या साहेबांनी नाकातून सुनावलं होतं, "पुन्हा फाटलं, की छावणीचं दूध बंद." निघताना बायको छबुबाईनं खिडकीत तोंड घालून बजावलं, "उन्हाच्या आत पोचा. बिडी फुकीत बसू नगा."

अंबाजोगाई जवळ आली आणि समोर तेलाचा लाल दिवा लागला.

"बंद कर! बंद कर बे!" हैदर ओरडला.

जीप थांबली. हैदरनं तेलाची कांडी ओढून पाहिली. तिच्या टोकाला तेल जेमतेम चिकटलेलं.

"नवं तेल कुठंय?"

"कशाला लागतंय नवं?" आश्रुबानं बाटली सोडवली. "हे हाय की भरलेलं."

"आजपर्यंत हेच ओतत होतास?"

आश्रुबाचा हात मिशीकडं गेला.

"अरे बाबा, हे तेल न्हाई. इंजिनानं खाकरून थुकलंय हे! पाणी, जळकं डिझेल, सगळं हाय यात."

"असू दे थोडं पाणी. पाण्यानं कोण मेलंय? इथं माणसं पाण्यावाचून मरायलीत."

"हे ओतलं तर लाल दिवा विझंल. तू बिनघोर पळवशील आन् आत बेरिंग धरंल, इंजिन जाम. मग संस्थेची एकुलती गाडी गेली. छावणीचं दूध काय डोक्यावर नेणार?"

"आन् न्हाई ओतलं तर आज दूध नासतंय!"

ऊन कॅनवर चढत होतं. आश्रुबानं ओलं पोतं कॅनवर सरकवलं आणि बाटलीचं बूच उघडलं. हैदरनं त्याचं मनगट धरलं. "एक थेंब. सायलेन्सरवर टाक. नुसता धूर झाला तर ओत सगळं, मी आडवा येत न्हाई."

तापलेल्या सायलेन्सरवर थेंब पडला. तड्‌तड्‌तड्‌! फोडणीत ओली मोहरी पडावी तसा तो उडाला. आश्रुबानं दुसरा टाकला. तड्‌तड्‌! तिसरा टाकायला त्याचा हात गेलाच नाही.

मागून आवाज आला. कुईऽऽ-कुईऽऽ, कुईऽऽ-कुईऽऽ. बंकटची बैलगाडी येत होती, रिकाम्या पिंपासकट, टँकरच्या पाण्याला.

"बंकटराव, दूध घ्या वो केंद्रापोत्तर!"

"मला पाण्याला उशीर हुतोय." बंकट बैल थांबवीना. "आन् चाकं बघा कशी बोंबलायलीत. वंगणाला तेल मिळंना."

आश्रुबानं हातातल्या बाटलीकडं पाहिलं, मग हैदरकडं.

"गाडीच्या आसाला चालंल," हैदर म्हणाला. "त्याला काय, चिंधी भिजली म्हंजे झालं."

आश्रुबा चाकापाशी बसला. बाटली तिरपी करताना तोंड असं, जणू घरचं तूप वाढतोय. दूध गाडीत चढलं.

केंद्रावर साहेबांनी कॅनमधलं दूध काचेच्या नळीत घेतलं आणि दिव्यावर धरलं. आश्रुबा वाकून नळीत बघू लागला. तासाभरात दुसऱ्यांदा त्याचं नशीब तापवून बघितलं जात होतं. फाटलं तर छावणीतल्या बायकांना काय तोंड दाखवायचं?

दूध उकळलं. वर आलं. गुठळी नाही.

"उतरवा," साहेब नाकातूनच म्हणाले.

दुपारी हैदरनं रस्त्यात उभ्या जीपमध्ये अंबाजोगाईतून आणलेलं नवं तेल ओतलं. आश्रुबा रिकामी बाटली पुसत होता.

"ही पुन्हा बांधायची का रे नळीला?"

हैदर उत्तर देणार तेवढ्यात पाणी घेऊन परतणारी बंकटची गाडी शेजारून गेली. कुईऽऽ. कुईऽऽ. आता एकाच बाजूनं.

"बांध," हैदर म्हणाला. "त्याचं दुसरं चाक राहिलंय."