साडूंचा कान आणि जावयाचा पिक्चर

शिरूरपासून दौंडपर्यंत, मधल्या भीमेसकट, माझ्या साडूंइतका निव्वळ कानावर जगणारा माणूस दुसरा सापडणार नाही. देवाने त्यांना डोळे दिलेत, नाक दिलंय, जीभ तर जरुरीपेक्षा लांबच दिलीय. पण हे सगळे अवयव म्हणजे कानाने कामाला ठेवलेली माणसं. शिरूरला त्यांचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. कुणी विहिरीवरची बिघडलेली मोटार टेम्पोतून आणली, की ते लगेच पाना हातात घेत नाहीत. आधी तिचा शाफ्ट हाताने फिरवतात, कान लावतात, आणि डॉक्टरने पेशंटच्या घरच्यांना बाजूला घ्यावं तसं मालकाला म्हणतात, "बेअरिंग तर गेलंच हाय, पर तुम्ही हिला चार दिवस कोरडी पळवलीया. व्हय का न्हाई?" मालक मान खाली घालतो. मी स्वतः समोर बसून ऐकलेल्या अशा सतरा निदानांपैकी सोळा बरोबर निघाली. सतराव्या वेळी त्यांना सर्दी होती.

हा कान दुकानात ठेवून बाहेर पडता येत नाही, एवढीच अडचण. एसटीत बसले की ते ड्रायव्हरला पुढे जाऊन गिअरबॉक्सची खबर देतात. एकदा पोटात दुखतं म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर डॉक्टर त्यांची छाती तपासत असताना हे वरच्या पंख्याकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, तुमचं होऊ द्या, पर हा म्हैनाभर काढणार न्हाई." पंखा पुढच्या आठवड्यातच बंद पडला आणि डॉक्टर तेव्हापासून त्यांना जरा घाबरून असतात. स्वतःच्या मुलीच्या, दीपालीच्या लग्नात चौथ्या आणि पाचव्या मंगलाष्टकेच्या मध्ये ते मांडवातून गायब झाले. सगळे वधूपिता शोधताहेत, आणि वधूपिता मांडवामागे कोशा फेट्यानिशी जनरेटरपुढे उकिडवे बसलेले. "दम खात व्हता. म्हटलं, सातवी होस्तोवर टिकायचा न्हाई," असं सांगत ते परत आले आणि त्याच तेलकट हातांनी अक्षता टाकल्या. दीपालीच्या लग्नाच्या शालूवर आजही खांद्याशी बोटभर डाग आहे.

अशा माणसाबरोबर सिनेमा बघणं म्हणजे काय असतं, हे मी चौदा वेळा अनुभवलंय. त्यांना फक्त खुनाचे सिनेमे आवडतात, आणि खुनी कोण हे ते पडद्यावरच्या पोलिसांच्या आधी जाहीर करतात, तेही अख्ख्या थेटरला ऐकू जाईल असं. "ह्याच्या बुटाचा आवाज ऐका! सरळ माणूस असा चालत न्हाई!" चौदापैकी नऊ सिनेमांत त्यांचा अंदाज खरा ठरला. मात्र प्रामाणिकपणे सांगायचं तर प्रत्येक सिनेमात त्यांनी सरासरी तिघांची नावं घेतली होती.

त्यांचे जावई सणसवाडीला एका कंपनीत कामाला आहेत. भाड्याच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत संसार आणि दुसरीत कीबोर्ड, संगणक, वायरींचं जाळं. शिफ्ट संपली की जावई त्या दुसऱ्या खोलीत बसून संगीत तयार करत. गेल्या अधिक महिन्याच्या थोडं आधी त्यांना एकदम एका मराठी रहस्यपटाचं पार्श्वसंगीत करायला मिळालं आणि तो सिनेमा चक्क शिरूरच्या थेटरात लागला. योग असा, की धोंड्याच्या जेवणाला जावई सासरी येणार त्याच्या आदल्याच दिवशी. साडूंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी दुपारचा खेळ धरला आणि गिऱ्हाइकांना आमंत्रणं दिली. वडगाव रासाईहून दोन पिकअप भरून शेतकरी आले, शिरूरमधले दुकानदार आले, स्टार्टर दुरुस्त करणारे त्यांचे दोस्त चाचा सहकुटुंब आले. मी आणि आमची मंडळी दौंडहून गेलो, जावई आणि दीपाली सणसवाडीहून आले. मी दारात उभा राहून मोजले, आपली अशी एकशे बारा माणसं होती.

थेटरच्या पायरीवर दीपालीने मला बाजूला घेतलं. तिचा चेहरा उतरला होता.

"काका, तुम्ही आप्पांच्या शेजारी बसा. त्यांना बोलू देऊ नका."

"मी? त्यांना?"

"कंपनी ह्यांना परमनंट करतेय. सोमवारी हो की नाही सांगायचंय. ह्यांच्या मनात नोकरी सोडून पूर्णवेळ संगीत करायचंय. म्हणतात, मामांचा कान पक्का आहे, ते काय म्हणतील त्यावर ठरवीन." तिने डोळे पुसले. "आप्पा उगाच वाहवा करून बसले तर हे नोकरी सोडतील. आणि थेटरात सगळ्यांपुढं काही बोलले तर हे पुन्हा कीबोर्डला हात लावायचे नाहीत. मी ओळखते ना ह्यांना!"

मग ती वडलांकडे गेली. "आप्पा, शपथ घ्या. थेटरात एक अक्षर नाही."

"न्हाई बोलत गं."

"शपथ!"

"तुझी शपथ. आता तरी जाऊ दे आत, पाट्या सुरू झाल्या."

पाट्यांमध्ये जावयाचं नाव आलं आणि दोन पिकअपनी मिळून जी शिट्टी मारली, ती मला वाटतं दौंडच्या स्टेशनापर्यंत गेली असेल. इथवर सगळं छान होतं. साडूंनी मात्र आमंत्रण देताना नुसतं "जावयाचा पिक्चर" एवढंच सांगितल्यामुळे जावई पडद्यावर दिसणार, अशी मंडळींची समजूत होती. प्रत्येक नवा माणूस पडद्यावर आला की मागून विचारणा होई, "ह्ये का?" चाचा समजावत, "अरे भाई, वो दिखता नहीं, वो बजता है!" आणि ते वाजणं असं होतं, की चाचांचंच म्हणणं शेवटी सगळ्यांना पटलं.

सिनेमा एका खुनाचा होता, पण तो नेमका कुठे होतो हे संगीताला माहीत नसावं. इन्स्पेक्टरने चहाचा कप उचलला, ढॅण्! बाईने कपाट उघडलं, ढॅण्! कपाटात साड्याच होत्या, तरी ढॅण्! पहिल्या ढॅण्ला पुढच्या रांगेतल्या मावशींनी नातवाला पोटाशी धरलं. दहाव्याला त्या म्हणाल्या, "आता काय झालं ह्याला?" विसाव्याला वडगावचे एक आबा गाढ झोपले आणि पुढच्या प्रत्येक ढॅण्ला झोपेतच "व्हय, व्हय" म्हणू लागले. पात्रं काय बोलत होती ते ऐकूच येईना, त्यामुळे लोकांनी आपापली गोष्ट रचायला घेतली. माझ्या मागे मध्यंतरापर्यंत ठाम मत झालं होतं की ती बाई इन्स्पेक्टरची बहीण आहे. मध्यंतरानंतर त्या दोघांचं पावसातलं गाणं लागलं आणि मागच्या रांगेला गोष्ट पहिल्यापासून रचावी लागली.

आणि माझे साडू बोलले नाहीत! तोंडात रुमालाचा बोळा धरल्यासारखे बसले होते. फक्त त्यांचा डावा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि प्रत्येक ढॅण्ला ते गुडघा असा आवळत, की मला सिनेमा कानाने कमी आणि गुडघ्याने जास्त कळत होता. एक तास पन्नास मिनिटांत एकसष्ट वेळा. बासष्टाव्याला मीच ओरडणार होतो, इतक्यात सगळं शांत झालं.

शेवट आला होता. अंधारी खोली, पाठमोरा खुनी खुर्चीत बसलाय, इन्स्पेक्टर हळूहळू पुढे येतोय, आता खुनी तोंड वळवणार. आणि त्या शांततेत खालून, जमिनीतून यावा तसा एक आवाज सुरू झाला. घुंऽऽऽ. जड, कोंडलेला, वाढत जाणारा.

साडूंचा हात माझ्या गुडघ्यावरून सुटला. ते ताडकन उभे राहिले आणि शपथ, जावई, पडदा, सगळं विसरून गरजले, "एक फेज गेली! मोटार घुमतीया! बंद करा!"

हे वाक्य कुणी दुसऱ्याने म्हटलं असतं तर लोक हसले असते. पण तीनपैकी एक फेज जाऊन विहिरीवरची मोटार दोन फेजवर घुमायला लागली की दोन मिनिटांत आतली तार जळते, आणि ज्यांच्या मोटारी वर्षानुवर्षं ह्याच माणसाने भरून दिल्या, त्यांच्या कानात ह्याच माणसाचा आवाज पडला होता. पुढे काही विचार करायचा नसतो. दोन पिकअप एकदम उभ्या राहिल्या. साठ-सत्तर मोबाईल पेटले. "हॅलो, आगं लाल बटन दाब, लाल!" "आरं उसातली मोटार बंद कर आदी, मंग इचार!" "तुझ्या बापाला उठीव!" झोपलेले आबा जागे होऊन सरळ दाराकडेच धावले. चाचा खिशातला टेस्टर काढून थेटरच्या स्विचबोर्डाकडे निघाले. मी, सांगायला लाज वाटते, घरी मुलाला फोन करून पाण्याची मोटार बंद करायला सांगितली. आमची मोटार सिंगल फेज आहे आणि मजल्यावर पाणी चढवण्यापलीकडे तिला काही उद्योग नाही.

या गोंधळात खुन्याने तोंड वळवलं, कबुली दिली, त्याला बेड्या पडल्या आणि दिवे लागले. एकशे बारा माणसांपैकी एकानेही खुनी पाहिला नाही. पायऱ्यांवर कुणी म्हणे वकील, कुणी म्हणे बाई. मावशींच्या मते इन्स्पेक्टरच, कारण सगळ्यात जास्त ढॅण् त्याच्यावर झाले होते. सगळे पोट धरून हसत होते. दिवे लागले तेव्हा जावई मात्र शेवटच्या रांगेत दोन्ही हात मांडीवर ठेवून तसेच बसले होते. ते कुणाशी न बोलता बाहेर पडले, आणि दीपाली वडलांकडे न बघता त्यांच्यामागे गेली.

दुसऱ्या दिवशी जावई जेवायला येतात की नाही, याची घरात धास्ती होती. आले. मेहुणीने पाट मांडला, रांगोळी घातली, तुपाची वाटी काठोकाठ भरली. धोंडे वाढून झाले तरी जावयांनी घास उचलला नाही. ते म्हणाले, "मामा, जेवायच्या आधी विचारतो. कसं होतं?"

दीपालीने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

साडूंनी पहिल्यांदाच बोलायच्या आधी वेळ घेतला. "जावईबापू, खोटं सांगितलं तर तुमचं नुकसान, आन् खरं सांगितलं तर तुमी जेवणार न्हाई. मंग मी काय करू?"

"खरं सांगा. मी जेवतो."

"वाईट व्हतं. माणूस च्या पितोय तवा बी दणका दिला, मंग खून झाला तवा आमच्याकडं घाबरायला काय उरलं?"

जावयांनी धोंड्याचा तुकडा तुपात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "दिग्दर्शकाने सांगितलं होतं, सीन पडलेत, जिथं रिकामं दिसेल तिथं वाजव."

"आँ?" साडू पाटावरून अर्धे उठले. "आदी बोलायचं न्हाई व्हय! म्हंजी पंप भंगार, आन् शिव्या मोटारीला!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् शेवटचा तो आवाज? ती कुणाची मोटार?"

"तुमच्याच दुकानातली. लग्नाआधी मला बघायला बोलावलं होतं ना, तेव्हाची. तासभर तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, टेबलावरची मोटार ऐकत होता. मी मोबाईलवर घेतला तो आवाज. त्याच्याएवढी मला कशाचीच भीती वाटली नव्हती."

मेहुणीला पदर तोंडाला लावावा लागला. साडू हसले नाहीत. म्हणाले, "चाळीस वर्सं मी त्यो आवाज ऐकतोय. पडद्यातनं आला आन् मला पोरीची शपथ आठवली न्हाई. शपथ मोडली ती माझी चूक, दीपे. पर येवढा खरा आवाज मी पिक्चरमदी कवा ऐकला न्हाई. नोकरी धरा, जावईबापू. आन् वाजवायचं सोडू नका. दोन्ही माझं ऐका."

जावयांनी तुकडा तोंडात घातला. नंतर त्यांनी आणखी चार धोंडे घेतले. सोमवारी कंपनीला होकार कळवला.

सिनेमा आठव्या दिवशी उतरला. दुसरा सिनेमा काही जावयांना आला नाही. दीपाली सांगते, ती दुसरी खोली बहुतेक वेळा बंदच असते. शिफ्ट करून आले की थकतात. आणि हल्ली दर आठवड्याला मला साडूंचा फोन येतो. जावयाचं नाव काढत नाहीत. ऊस, पाणी, लाइट, सगळं विचारून झालं की घसा खाकरतात. "साडूभाऊ, तुमच्या दौंडाकडं कोन पिक्चर काढणारा हाय का वळखीचा? न्हाई, सहज. बारका काढत आसला तरी चालंल. आन् हे बघा, जावयाला सांगू नका. दीपीला तर न्हाईच न्हाई."

माझ्या ओळखीत असा एकच माणूस आहे, कासुर्डीचा, लग्नांचे व्हिडिओ करतो आणि एक छोटा सिनेमा काढायचं म्हणतो. मी त्याच्याकडे दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा तो म्हणाला, संगीत मी नेटवरूनच घेतो, तयार मिळतं. हे मी साडूंना अजून सांगितलेलं नाही. फोनवर मी म्हणतो, "बघतोय, बोलणं चाललंय." मग पलीकडून फोन कानावर घट्ट दाबल्याची खरखर येते. बहुतेक ते मोटारीसारखा माझाही आवाज तपासत असतात. पण म्हणतात एवढंच, "बघा, बघा. काय घाई न्हाई."