धावेची पायरी

वडिलांची जीप दुरुस्त करायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यांत आधी कॉम्प्युटर उघडला. दुसऱ्या कुणी निदान बॉनेट तरी उघडून बघितलं असतं. पण माझी सगळी नोकरी एका ठेकेदाराच्या ऑफिसात बांधकामांची अंदाजपत्रकं करण्यात गेली आहे आणि ती खोड घरातही सुटत नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटचा पंखा बदलायचा असला तरी मी तीन दुकानांचे दर आणतो. बायको म्हणते, "अहो, तुमचा अंदाज होईपर्यंत उन्हाळा संपतो." ती खोटं बोलत नाही.

जीप सांगोल्याकडे आमच्या शेतात होती. वडिलांनी ती तरुणपणी सरकारी लिलावात घेतलेली. पेट्रोलची, उघडी, दारं नसलेली. ते गेल्यापासून ती सपरात, गोठ्यासारख्या छपराखाली, उभी होती आणि कोंबड्यांनी तिच्या मागच्या बाकावर संसार थाटला होता. धाकटा भाऊ तिथंच राहून शेती बघतो. आई त्याच्याजवळच राहते. भावाला जीप विकून टाकायची होती. मी म्हणालो, नाही, मी ती नवीकोरी करणार, अगदी पहिल्यासारखी. मला वाटलं, मी वडिलांसाठी काहीतरी मोठं करतोय.

आई तेवढं ऐकून म्हणाली, "करायचीच आसंल तर लौकर कर. मला एकदा वरच्या बागंत जायाचंय."

वरची बाग म्हणजे आमच्या रानाच्या टोकाला, मुरमाड चढावर असलेली डाळिंबाची बाग. आई-वडिलांनी दोघांनी मिळून लावलेली ती पहिली. आईचा डावा पाय लहानपणापासून अधू आहे. तेवढा चढ तिला चालवत नाही. मोटारसायकलवर बसायची तिला भीती वाटते आणि ट्रॅक्टरवर चढणं तिच्या आवाक्यातलं नाही. वडील असेपर्यंत ती त्यांच्याबरोबर जीपमधून जायची. ते गेल्यावर ती तिकडे गेलेलीच नव्हती. त्या वर्षीच्या डाळिंबाचे तिच्या वाटणीचे पैसे तिनं माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "ह्यातलं काय उरलं तर मला देऊ नगंस. टायर तेवढं चांगलं घे."

मग माझं अंदाजपत्रक सुरू झालं. पहिल्या टप्प्यात चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि ब्रेक, दुसऱ्यात इंजिन आणि गिअरबॉक्स, तिसऱ्यात पत्राकाम, मग वायरिंग, सीट, वरचा कापडी टप आणि शेवटी रंग. आधी कळस मग पाया असं आपल्याकडे चालायचं नाही. प्रत्येक टप्प्याला वेगळी रक्कम, वर दहा टक्के अनपेक्षित खर्च. सगळं मिळून साडेतीन लाखांच्या आसपास गेलं. बायकोनं आकडा बघितला आणि म्हणाली, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." मी तिला समजावलं की हौसेला मोल नसतं. ती म्हणाली, "मोल नसतं तर मग एवढे रकाने कशाला?"

होटगी रस्त्याकडच्या एका गॅरेजमध्ये मी जीप आणून टाकली. त्याच सुमारास मी जुन्या जीपवाल्यांच्या एका मोबाइल ग्रुपमध्ये शिरलो आणि तिथं मला 'ओरिजिनल' नावाचा रोग लागला. कुणाचा आरसा ओरिजिनल, कुणाचे नटबोल्टसुद्धा ओरिजिनल. कुणी चुकून साधा हॉर्न बसवला तर त्याला चार दिवस हिणवायचे. मीही हिणवायला शिकलो. पुढच्या दिव्यांच्या काचा ओरिजिनल मिळाव्यात म्हणून मी काम तीन महिने थांबवून ठेवलं. भावाचा फोन यायचा, "आई इचारती, गाडी कुटपर्यंत आली?" मी म्हणायचो, काचा यायच्यात. आईला काचांशी काय देणंघेणं होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या धंद्यात जुनं बांधकाम पाडून नवं करायचं असेल तर पाडकामातून निघालेल्या विटा, सळ्या, दरवाजे यांची किंमत धरून ती अंदाजपत्रकातून वजा करतात. जुन्या मालाची वजावट. ती दाखवली नाही तर अंदाजपत्रक अपुरं समजतात. मी जीपलाही ती लावली. गंजलेली टाकी, फाटलेले पत्रे, मोडके बाक आणि जे जे ओरिजिनल नाही ते सगळं.

डाव्या बाजूला, बसायच्या जागेखाली, एक लोखंडी पायरी होती. तिच्या वरच्या अंगाला धरायला एक कडी, आणि कडीवर सुतळी गुंडाळलेली. गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, "साहेब, हे काय करायचं? मजबूत आहे. ठेवू का?"

मी म्हणालो, "ओरिजिनल नाही. काढून टाका."

त्यानं ती कापली, घासून जागा सपाट केली आणि बाकीच्या भंगारात टाकली. सगळ्या भंगाराचे मिळून साडेअकराशे रुपये आले. ते मी वजावटीत जमा दाखवले आणि मला बरं वाटलं. हेच मला अजून सोसत नाही. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

ती पायरी काय होती हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं. ती गोष्ट आमच्या घरात शंभरदा सांगून झालेली आहे. जीप घेतली तेव्हा आईला तीत चढता येईना. वडील तिला उचलून बसवायचे. एकदा बाजारच्या दिवशी, भर रस्त्यात, कुणीतरी हसून म्हणालं की पाटील पोतं चढवायला लागलेत. त्यानंतर आईनं जीपमधून बाहेर जाणं बंद केलं. त्याच साली बैल विकले होते आणि बैलगाडी मोडीत निघाली होती. तिच्या चाकाची धाव, म्हणजे चाकावरचा लोखंडी पट्टा, वडिलांनी काढून घेतली. आईला जीपशेजारी उभं करून म्हणाले, तुझा पाय उचलतो तेवढाच उचल. तो जिथं पोचला तिथं पत्र्यावर कोळशानं खूण केली आणि त्या खुणेवर धावेची पायरी जोडून घेतली. आईचं पाऊल आडवं पडतं म्हणून ती जरा कलती ठेवली. कडीवर सुतळी बांधली, उन्हात तिच्या हाताला चटका बसू नये म्हणून. पुन्हा तिला कुणाला उचलावं लागलं नाही.

हे सगळं मी माझ्या मुलांना रंगवून सांगितलेलं आहे. आणि तरी गॅरेजमध्ये उभा असताना मला ते आठवलं नाही. समोर दिसत होतं ते एक ओरिजिनल नसलेलं लोखंड.

जीप तयार झाली ती नजर लागेल अशी. हिरवा रंग, नवा टप, काचा तर ओरिजिनलच. मी ती स्वतः चालवत शेतावर नेली. भावानं दारात पाणी मारून ठेवलं होतं. शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आईनं जीपला कुंकू लावलं, ओवाळलं. भावानं ताट तिच्या हातातून घेतलं आणि म्हणाला, "चल आई, आधी तू बस."

ती डाव्या बाजूला आली. खाली न बघताच तिनं हात वर केला, कडी जिथं होती तिथं. हात नुसता रंगावरून घसरला. तिनं पुन्हा तिथंच चाचपलं. मग पाय उचलला आणि तो हवेत तसाच राहिला. तेव्हा तिनं खाली वाकून बघितलं.

मला त्या क्षणी सगळं आठवलं, अगदी कोळशाच्या खुणेसकट.

"आरं, पायरी कुटं हाय?" ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "सोलापुरातच आहे. रंगवायला दिलीय वेगळी. घाईत बसवायची राहिली."

भाऊ म्हणाला, "त्यात काय, मी उचलून बसवतो की." आणि तो पुढं झाला. आईनं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं. "नगं. पायरी आल्यावर बसती." मग बायकांकडे वळून हसली आणि म्हणाली, "बारीकसारीक समदं रंगवून आणतोय माझा ल्योक." त्या दिवशी जीपमध्ये वस्तीवरची पोरं बसून हिंडली. आई ओट्यावर बसून बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याकडे गेलो. त्यानं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. लोखंड केव्हाच भट्टीला गेलं होतं. मग धाव तरी मिळावी म्हणून हिंडलो, पण आता बैलगाड्यांना रबरी टायर असतात. जुन्या चाकांचं लोखंड कुणी ठेवत नाही. ओरिजिनल काचांसाठी मी पुण्या-मुंबईला फोन केले होते. तसेच फोन आता मी धावेच्या तुकड्यासाठी करत होतो, आणि ऐकणारा प्रत्येक जण विचारायचा, कशाला हवाय?

दरम्यान फोनवर आई एकदाही रागावली नाही, ते जास्त लागत होतं. ती विचारायची, "वाळला का रंग?" भाऊ सांगायचा की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती जीप दाखवते आणि म्हणते, पायरी तेवढी रंगवायला गेलीय. माझी थाप ती कौतुकानं गावभर सांगत होती. मी दोन-तीनदा खरं सांगायचं ठरवलं आणि दरवेळी तोंडात शब्द गोळा झाले की जेवली का, औषध घेतलं का, असलं काहीतरी विचारून फोन ठेवला. भेकडपणा म्हणतात तो हाच.

शेवटी साधी लोखंडी पट्टी घेऊन मिस्त्रीकडे गेलो. जोडताना नव्या हिरव्या रंगाचा चांगला हातभर तुकडा जळाला. किती उंचीवर जोडायची, असं त्यानं विचारलं. आयुष्यभर अंदाज करत आलो, पण माझ्या आईचा पाय किती उचलतो ते मला सांगता येईना. खूण होती ती आम्हीच घासून टाकली होती. अंदाजानंच सांगितलं. कडी बसवली, तिच्यावर सुतळी मी स्वतः गुंडाळली. मला ती नीट गुंडाळता आली नाही.

शेतावर गेलो तेव्हा आई तयारच होती. तिनं कडी धरली, पाय उचलला. पायरी तिला उंच होत होती. पाय काठाला लागून खाली आला. मी पुढं झालो तसं तिनं मला मान हलवून तिथंच थांबवलं. दुसऱ्यांदा तिनं दात आवळून पाय वर घेतला, दोन्ही हातांनी कडीला लोंबकळली आणि बसली. कपाळावर घाम आला होता. तो तिनं पदरानं पुसला.

आम्ही वरच्या बागेच्या वाटेला लागलो. ओढा ओलांडला. मग आई समोर बघतच म्हणाली, "ही नवी हाय, व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. सोलापुरात राहून राहून माझं व्हय कधीच होय झालेलं आहे, पण तेव्हा तेच निघालं.

"आन् त्येंची?"

"भंगारात दिली. मीच दिली, आई. रंगवायला नव्हती दिली. खोटं बोललो."

कडीवरची माझी सैल झालेली सुतळी तिनं बोटानं दाबून धरली होती. मला वाटलं ती म्हणेल, गाडी मागं वळव. मला ते चाललं असतं.

चढाच्या पायथ्याशी शेजारच्या वस्तीवरची बाई शेरडं घेऊन उभी होती. जीप बघून ती वाटेतच आली, वाकून बघितलं आणि ओरडली, "आली का ओ तुमची पायरी?"

मी ब्रेक दाबून ठेवला.

"आली की," आई म्हणाली. "जुनीच हाय. नुसता रंग दिलाय पोरानं."

"लई झ्याक दिसती."

"व्हय," आई म्हणाली, आणि मग माझ्याकडे न बघता, "चल आता. ऊन व्हतंय."