काकणभर पुढचा काटा

मीटरकाकांच्या दुकानात उभं राहायला जागा कमी आणि मोडकी मीटरं जास्त. मोटारसायकलचा काटा थरथरू दे नाहीतर अडकू दे, घोडं कुठे पेंड खातंय ते काका काच उघडायच्या आधीच सांगत. वर व्याख्यान फुकट. "वेगाचा काटा मुळातच काकणभर वाढवून सांगतो. कंपनीच तसा बसवते. त्यावर फुशारकी मारू नका." गिऱ्हाइकाचं तोंड उतरे आणि काकांना त्याचा फार आनंद होई.

अशा माणसाला अवदसा आठवली ती लेकीपायी. बायको गेल्यावर एकुलत्या एका पोरीला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं, आणि तिने नोकरी धरली ती औषधं घरपोच देण्याची, मोटारसायकलवरून! नको म्हणायची सोय नव्हती. हट्टीपणा बापाचाच घेतला होता तिने. तेव्हा काकांनी तिच्या मीटरमधली, काट्याला मागे ओढणारी केसाएवढी स्प्रिंग गुपचूप सैल केली. गाडी पंचेचाळीसने पळाली की काटा साठ दाखवू लागला. पोर घाबरून वेग आवरेल, एवढाच त्यांचा हिशेब. तेव्हापासून त्यांना सुखाची झोप लागू लागली.

मग एक दिवस औषधांचा दुकानदारच आपलं बंद पडलेलं मीटर घेऊन आला.

"काका, रागावू नका. तुमची मुलगी गुणाची आहे, पण गोगलगाय बरी म्हणायची वेळ आलीये. लोक औषधाची वाट बघून कंटाळतात. या महिन्यात सुधारली तर ठीक, नाहीतर दुसरं कुणी बघावं लागेल."

काकांच्या हातातला स्क्रू पडला. तो शोधायच्या निमित्ताने ते टेबलाखाली जरा जास्तच वेळ राहिले.

संध्याकाळी लेक आली तशी त्यांनी तिला समोर बसवलं. दुकानदार काय म्हणाला ते सांगितलं, आणि मग मान खाली घालून म्हणाले, "तुझा काटा खोटा आहे. मीच केलाय तो तसा."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्याच आठवड्यापासून. काटा बिघडवलात, पण किलोमीटरचे आकडे दातेरी चाकांवर फिरतात, ते खरेच राहिले. घड्याळ लावून बघितलं. मीटरवाल्याची मुलगी ना मी?"

काका ओशाळले. उभी हयात मीटरं उघडण्यात गेली आणि आकडे साफ विसरले!

"मग हळू का चालवत राहिलीस?"

"काटा साठावर गेला की तुम्ही दिसता, बाबा. आई गेली त्या दिवशी दारात उभे होतात ना, तसे. मग हात आपोआप सैल पडतो."

काका रडले. लपवायच्या भानगडीत पडले नाहीत. मग नाक पुसून त्यांनी तिचं मीटर उतरवलं.

"राहू द्या ना," लेक म्हणाली. "नोकरी दुसरी मिळेल."

"गप बस. आजारी माणसं ताटकळतात तिकडे."

त्यांनी स्प्रिंग पुन्हा ताणली, काटा जुळवला. कंपनी ठेवते तेवढाच काकणभर पुढे, त्याहून तसूभरही जास्त नाही.

सकाळी लेक निघाली. गाडीचा आवाज कोपऱ्यावर रोजच्यापेक्षा लवकर विरला. काका धावतच दारापर्यंत गेले. मग तिथे उभं राहायचं नाही हे आठवलं, आणि ते मागे फिरून खुर्चीत येऊन बसले.