मामांच्या नावाची तिरपी ओळ

मुलीच्या लग्नपत्रिकेत मी तिच्या मामांचं नाव सगळ्यात सुंदर अक्षरात घातलं, आणि नेमकं तेवढंच कुणाला दिसेना. लाखनीत हायवेला माझं पत्रिका छापायचं दुकान आहे. लोकांच्या आत्या, काका, आजोबा यांची नावं राहून जाऊ नयेत म्हणून मी तीन-तीनदा तपासतो. घरच्या पत्रिकेत ही तऱ्हा.

दोष माझ्या तिरप्या अक्षरांचा. दोन वर्षं मी एक टाइप, म्हणजे फॉन्ट, घडवत होतो. आपल्याकडे तिरपं अक्षर म्हणजे सरळ अक्षराला संगणकावर ढकलून वाकवलेलं असतं. ते चालत नाही, नुसतं कलंडतं. मला चालणारं हवं होतं. शिरोरेषा आडवीच, पण काना पुढे झुकलेला, आणि वेलांटी त्याला मागून येऊन गाठणारी. नमुना मी बायकोकडून घेतला होता, तिला न सांगता. साखरपुड्यानंतर लग्नापर्यंत तिने मला पाठवलेली सात पत्रं ट्रंकेत होती. अक्षर कसं, निघालेल्या माणसासारखं, उजवीकडे कललेलं. आता ती फक्त किराण्याची यादी लिहिते आणि ती सरळ असते. संसाराने अक्षराला सरळ केलं, असं मी धरून चाललो होतो.

बारा अंशांच्या कलावर अक्षर घाईत दिसायचं, दहावर पेंगायचं. अकरा केलं, तर एकाराची मात्रा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायची. दुकानातून उठून मी रस्त्यावर यायचो, ट्रकांच्या मागची अक्षरं बघायचो, परत आत जायचो. जेवताना वरणात बोटाने काने ओढायचो.

“बसा ना जी एका जागी,” बायको म्हणायची. “पोरीचं लग्न हाय, अन् तुमचं काय दहा-अकरा चालू हाय?”

तर पत्रिका. मरून कागद, सोनेरी शाई. नवरा-नवरीची नावं मोठी, तिरपी; छान उठली. बाकी नातेवाईक नेहमीच्या सरळ अक्षरात. मामांना मात्र मान म्हणून खाली वेगळी ओळ दिली, तिरप्या अक्षरात, बारीक आकारात. पडद्यावर ती केसाएवढी रेघ बघून मी स्वतःवरच खूश झालो होतो. कागदाने ती रेघ पिऊन टाकली. आणि मला ते कळलंही नाही, कारण तिथे काय लिहिलंय ते मला पाठ होतं.

मामा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. त्यांचं जुनं गाव, म्हणजे बायकोचं माहेर, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आता ते वरच्या नव्या वस्तीत राहतात आणि त्याच पाण्यात जाळं टाकतात. पहिली पत्रिका त्यांची. अक्षत लावून मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं, चष्मा लावला, वरून खालपर्यंत बोट फिरवलं.

“माहं नाव कुठं हाय, जवाई?”

“हे काय दादा, खाली. वेगळी ओळ दिली तुम्हाला.”

“इथं त काईच नाई. सारे हायेत. तुमच्या दूरच्या काकाचं पन हाय. मीच जाळ्यातून सुटलो का?”

मी नाव मोठ्याने वाचून दाखवलं.

“तोंडानं त तुमी काईबी वाचान,” ते म्हणाले.

“नवीन छापतो, दादा.”

“मागून छापलेलं नाव काय कामाचं? माही बहीन वाचल, तवा मानीन.” आणि पत्रिका मला परत दिली.

आमच्याकडे मुलीला मांडवात मामा आणतो. मामा नाही, तर मुलगी खोलीतच बसून राहते. घरी आल्यावर मुलीने विचारलं, “मामा काय म्हणाले?” मी म्हटलं, जाळं विणत होते. त्या संध्याकाळी मी घरात एवढ्या फेऱ्या मारल्या, की बायकोने खुर्च्याच उचलून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी बायको माझ्या मोटारसायकलवर मागे बसून मामांकडे आली. अंगणात उभं राहून तिने पत्रिका उन्हात जरा कलती धरली, तशी सोनेरी ओळ चमकली. मग एकेका अक्षरावर बोट ठेवत तिने भावाचं नाव वाचलं, कुठेही न अडखळता. मध्ये एका अक्षरावर मात्र बोट जरा जास्त वेळ राहिलं.

“हाय बुवा,” मामा म्हणाले. “पन असं लपवून काहून ठेवलं?” मग पत्रिका कपाळाला लावून विचारलं, “मांडवात किती वाजता उभं राहाचं?”

परत येताना रस्ता पाण्याच्या काठाने होता. मागून ती म्हणाली, “त्यातला तो ळ माहा हाय ना?”

“हो,” मी म्हटलं. “तुझ्या पत्रांतला. सगळीच अक्षरं तुझी आहेत. तेव्हा किती सुंदर तिरपं लिहायचीस.”

ती पाण्याकडे बघत होती.

“ते पत्रं मी कॉलेजले जाता जाता एसटीत लिहत होती,” ती म्हणाली. “अक्षर नव्हतं जी तिरपं. आमच्या गावचा रस्ता तसा होता.”