चोरीची गाडी आणि लाल सिग्नल

व्हिडिओ गेममध्ये चोरीच्या गाडीतून टोळीच्या सरदाराचा पाठलाग करताना लाल सिग्नल दिसला आणि मी शहाण्यासारखी थांबले. सरदार पळाला!

काल जुन्या कीबोर्डला चिवड्याचा वास आला आणि चिवडा खात तो गेम खेळणारी पंचेचाळिशीतली ती बावळट मी आठवली. आज नातीला स्कूटीवर मागे बसवून कळंब गावापर्यंत जाते; त्या काळी मात्र स्कूटीला हात लावायलाही घाबरायचे. भीती मोडावी म्हणून लेकीनंच हा गेम लावून दिला होता; शेवटचं मिशन जिंकलंस तरच स्कूटी एकटीला देईन, अशी तिची अट होती.

तेलकट बोटांनी मी पुन्हा पाठलाग केला. सिग्नलला पुन्हा थांबले, तरी या वेळी सरदाराला गाठलंच. गेम संपला.

लेकीनं हसत हसत किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, “आई, चोरीच्या गाडीतही तू सिग्नल पाळून राह्यली! तुले कायचं भेव? जा, दत्त चौकातून एक चक्कर मारून ये.”