एका यादीत दोन अण्णा

"दिसत नाय म्हंजे रुसलंय. मेलं नाय," असं म्हणत चाचा आधी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवायचे. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात ना, अगदी तस्सा. मग खुर्ची ओढून बसायचे.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस येत असेल. आमचे चाचा येवल्याचे, पैठणी विणणाऱ्या घरातले. हातमाग भावांवर सोपवून ते सातपूरच्या कारखान्यांतून कॉम्प्युटर एकमेकांना जोडत हिंडायचे. एखादा कॉम्प्युटर बाकीच्यांच्या यादीत दिसेनासा झाला की चाचांना फोन जायचा. आले की चहा बशीत ओतायचे आणि वायरींशी बोलायला लागायचे, "कुठं अडकलीस गं बाई?" मी तिथल्याच एका कारखान्यात हिशेब बघायची. हसण्याच्या नादात माझी बेरीज चुकायची.

त्या वर्षी मात्र हसू कुणाला येत नव्हतं. आमचे मालक अण्णा वारले आणि वर्षश्राद्धाच्या आतच त्यांच्या दोन मुलांचं बोलणं बंद झालं. थोरले मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढायचे, धाकटे ऑर्डरी सांभाळायचे. धाकटे भावाला दादा म्हणायचे, तेही सोडून 'ते' म्हणायला लागले. दोघांच्या खोल्यांमध्ये काचेची भिंत आणि निरोप पोचवायला मी. माझी अगदी अडकित्त्यातली सुपारी झाली होती हो!

तशात दोघांनी नवे कॉम्प्युटर घेतले आणि थोरल्यांचा धाकट्यांच्या यादीत दिसेचना. ड्रॉइंग अडकली.

"त्यांनी मुद्दाम लपवलाय," धाकटे कडाडले. "आता शेड वाटूनच घेऊ."

वकिलाला भेटायचंही ठरलं. शेड वाटली असती तर दोघं बुडाले असते, आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे. मी चाचांना बोलावून घेतलं.

त्यांनी दोन्ही मशीन बघितली. मग दोन्ही भावांना थोरल्यांच्या खोलीत बोलावलं.

"शेठ, कुणी काय लपवलं नाय. नव्या मशीनला नाव काय दिलं तुम्ही?"

"अण्णा," दोघं एकदमच म्हणाले.

"मंग? दोघांचं नाव एकच असलं की यादीत गोंधळ व्हतो. एकाला नाव सोडावं लागंल."

एकमेकांना पत्ताही नव्हता! मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू? पण नाव सोडायला कुणी तयार होईना. चाचांनीही घाई केली नाही.

शेवटी थोरले खाली बघत म्हणाले, "धाकट्याचं राहू द्या. अण्णांचा जीव त्याच्यावर होता."

"तुमचं काय लिहू?"

"लिहा काहीही."

धाकटे आपल्या खोलीत गेले. चाचांनी काहीतरी टाइप केलं, मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं. थोरल्यांनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं काचेपलीकडून आवाज आला.

"दादा!" आणि मग घोगऱ्या आवाजात, "दादा दिसला."

थोरले ताडकन उठले. "काय रे?" म्हणत तिकडे गेले. चाचा तोवर दारात चपला घालत होते. चहाला थांबा म्हटलं तर म्हणाले, "नको, येवल्याची गाडी चुकंल."

गेल्या साली चाचा गेले. अजून मन मानत नाही. निरोप आला तसे आम्ही येवल्याला निघालो. गाडी धाकटे चालवत होते आणि त्यांच्या डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. शेजारी बसलेले थोरले त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, "सावकाश चालव रे, सावकाश."